पाटीवरचं खालचं नाव

१६ सप्टेंबर, रविवार

आज चर्चनंतरच्या जेवणावरून पापा उठून गेले. नारळाच्या दुधातला नीरफणस अर्धा तसाच टाकून. कारण मी. मी फक्त एवढंच म्हटलं की मी मालोतासींच्या टीममध्ये नाव दिलंय.

"कुणाच्या?" पेपे आत्याने विचारलं. तिला नीट ऐकू आलं होतं, तरी.

"फेतू मिसच्या. ताऊच्या शाळेतल्या."

"मगाशी मालोतासी म्हणालीस."

"दोघं एकत्रच उभे आहेत ना. ते गव्हर्नर, मिस डेप्युटी. मी मिससाठी करतेय."

"म्हणजे नवरा पसंत नाही, पण करवली छान आहे म्हणून लग्न करायचं," आत्या म्हणाली. सगळे हसले. मोठे काकापण, आणि ते घराण्याचे प्रमुख, जेवताना सहसा हसत नाहीत. पापा उठले आणि बाहेर जाऊन बस धुवायला लागले. रविवारी. शेजारचे पास्टर बघत होते तरी.

मला कळतं त्यांचं. मी लहान होते तेव्हा हे मालोतासी बंदर खात्याचे साहेब होते. आमच्या ताऊ बेटाची बोट त्यांनीच बंद केली. परवडत नाही म्हणाले. पापा त्या बोटीवर दोन नंबरचे, कप्तानाच्या खालोखाल. आधी बोट गेली, मग दुकानातलं पीठ गेलं, मग शाळेचे वरचे वर्ग गेले, मग आम्ही गेलो. इथे तुतुइलाला, मोठ्या बेटावर, आत्याच्या घरी. पापा आता तफुनाची बस चालवतात. वळण आलं की अजून 'डावीकडे घे' असं स्वतःलाच सांगतात.

मम्मी तिकडेच आहे. घराच्या पायरीसमोर, पांढऱ्या ओट्याखाली.

पण म्हणूनच तर मिस निवडून यायला पाहिजेत. हे पापांना का दिसत नाही?

२१ सप्टेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा प्रचाराला रस्त्यावर हात हलवत उभी राहिले. पहाटेपासून, कामावर जाणाऱ्या गाड्यांसमोर, सगळे पिवळ्या टी-शर्टात. भारी मजा आली. हात दुखले. जो हॉर्न वाजवेल तो आपला. पापांची बस आली. त्यांनी हॉर्न नाही वाजवला, पण बसमधल्या बायकांनी वाजवा वाजवा करून डोकं खाल्लं असणार, कारण पुढच्या वळणावर, आम्ही दिसेनासे झाल्यावर, बारीकसा वाजला.

पाटीवर वर मालोतासींचं नाव, हे एवढं मोठं. खाली मिसचं. मी पाटी अशी धरत होते की माझा अंगठा वरच्या नावावर येईल. मिस गाडीतून उतरल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "लांगी, अंगठा काढ. वर्गात पण तू उत्तरावर हात ठेवायचीस."

त्यांना आठवतंय. मला तर सगळंच आठवलं. ताऊची शाळा, उघड्या खिडक्या, आणि भूगोलाच्या तासाला समुद्रावरून येणारा बोटीचा भोंगा. मिस खडू ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पुस्तकं मिटा. भूगोल आला." मग आम्ही सगळे धक्क्याकडे पळायचो. कांदे, सफरचंदं, पिठाची पोती, कुणाची तरी हवाईवरून आलेली मावशी, सगळं त्या बोटीतून उतरायचं. आणि सगळ्यात आधी पापा. बोट अजून हलत असतानाच उडी मारायचे, हातात दोर. दोर खांबाला गुंडाळून झाला की मला शोधायचे. वास यायचा त्यांना डिझेलचा. मला अजूनही पेट्रोल पंपावर उगाच बरं वाटतं.

२९ सप्टेंबर, शनिवार

पापांना समजवायचा प्रयत्न केला. ते जाळं विणत बसले होते. इथे जाळं कशाला लागतं त्यांना, देव जाणे, मासे तर आत्या बाजारातून आणते.

मी म्हटलं, "पापा, मिसनी शब्द दिलाय. बोट परत आणणार."

"बाईंनी दिलाय. त्याने दिलाय का?"

"दोघांचा मिळून एकच शब्द."

"दोघांचं मिळून एकच मत, एवढंच. तुला खालच्या नावासमोर वेगळी खूण करता येते का? नाही. बाईंना द्यायचं म्हणजे आधी त्याला द्यायचं."

"पण काम मिसच करणार."

तेव्हा त्यांनी जाळं मांडीवर ठेवलं. "मी दोन नंबर होतो, पोरी. मला विचार, दोन नंबरचं किती चालतं. वारा सुटलाय, आज निघू नका, असं मी सांगायचो. कप्तान म्हणायचा, बरोबर आहे तुझं, आणि निघायचा. मग रात्रभर बोटीतलं पाणी उपसायला पंपावर कोण? मी."

मी म्हटलं, "पण बोट बुडाली तर नाही ना कधी."

पापांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही. ते खरंय." आणि परत जाळं घेतलं. मला वाटतं हा पॉइंट माझा.

मग अचानक म्हणाले, "तुझं कॉलेज नीट चाललंय ना? आत्याशी पटतं ना तुझं?" विषय बदलायला, दुसरं काय.

१३ ऑक्टोबर, शनिवार

आज काय झालं ते लिहायलाही लाज वाटते. पण दुसरं कुणाला सांगू.

मालोतासी आणि मिस आमच्याकडे जेवायला आले. मोठ्या काकांनी बोलावलं होतं, म्हणजे घराण्याची मतं कुठे जाणार हे ठरल्यातच जमा. पहाटे पापांनी आणि चुलत भावांनी दगड तापवून डुकरं भाजली. डुक्कर कापण्यात पापांचा हात कुणी धरू शकत नाही. कुठला वाटा कुणाचा ते सगळं ठरलेलं असतं, पाठीचा वाटा सगळ्यात मोठ्या मानाचा, मागचा पाय बोलणाऱ्या सरदाराचा, म्हणजे प्रमुखाच्या वतीने भाषण करणाऱ्याचा, डोकं रांधणाऱ्या पोरांचं. ताऊचा मुलगा हे चालायला लागल्यापासून शिकतो. मी मुलगी, आणि वाढले इथे, हॉटेलच्या चिकनवर.

पण मीच हट्ट केला की पानं मी नेणार. पापांनी पहिलं पान माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "सरळ जा. मधे थांबू नकोस. बाईंसमोर ठेव."

मी गेले. एक चुलत भाऊ तेवढ्यात ओरडला, "पाठीचा वाटा, आजच्या सगळ्यात मोठ्या पाहुण्यांना." आणि मी ते पान ठेवलं मिससमोर.

मिसचा चेहरा दगड. मोठ्या काकांच्या हातातला पंखा थांबला. नंतरचं पान, मागचा पाय, ते दुसऱ्या पोराने मालोतासींसमोर ठेवलं होतं, म्हणजे आता उचलायचं तरी काय.

मालोतासींनी त्या पायाकडे बघितलं. मग हसले. "बरोबर आहे. प्रचारात धावायचं मला, बसायचं बाईंना. पाय मलाच लागणार." सगळे हसले, जरा जास्तच. त्या क्षणी मला ते थोडेसे आवडले. मग मी त्यांचे डोळे बघितले आणि परत नाही आवडले.

१४ ऑक्टोबर, रविवार

मोठे काका ओरडले. "तुला काय वाटलं, ते नुसतं मांस आहे? पाठीचा वाटा जो खातो त्याच्यावर घराचं ओझं येतं. त्याला परत यावंच लागतं, भरल्या हाताने. तू ते ओझं त्या बाईच्या अंगावर टाकलंस, आणि तो मोकळा सुटला."

मी रडले. पापांचं नाव नाही घेतलं. त्यांना त्या गडबडीत चुकून वाटलं असेल, किंवा मीच चुकीचं ऐकलं. दुसरं पान म्हणाले असतील मिसचं.

पापा एवढे खूश का आहेत मात्र कळत नाही. दिवसभर शीळ घालत होते. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मतदानाला मी येतो तुझ्याबरोबर. ताऊला."

आमची नावं अजून ताऊच्याच यादीत आहेत. पापांनी कधी बदलूच दिली नाहीत, माझं सुद्धा तिथेच घातलं. टीम तिथल्या मतदारांसाठी एक बोट ठरवतेय, जायला आणि यायला.

म्हणजे पटलं त्यांना. मी पटवलं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "हो का?" आणि माझे केस विंचरायला बसली. एवढ्या प्रेमाने ती फक्त कुणी आजारी असलं की वागते.

५ नोव्हेंबर, सोमवार

निघायची तयारी. पापांचं सामान बघून हसावं की रडावं. एका दिवसासाठी जातोय आपण, आणि यांनी घेतलंय जाळं, कोयता, अळूची रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून, किटली, आणि पांढऱ्या रंगाचा डबा. रंग मम्मीच्या ओट्याला, ते कळलं. पण किटली?

"चहा प्यायचा," म्हणाले.

"त्या छोट्या विमानाने गेलो असतो तर हे काहीच नेऊ दिलं नसतं," मी म्हटलं.

"म्हणून तर बोट," पापा म्हणाले.

बसच्या किल्ल्या त्यांनी आत्याच्या मुलाला दिल्या आणि ब्रेकबद्दल केवढं मोठं लेक्चर दिलं. एका दिवसासाठी.

६ नोव्हेंबर, मंगळवार (बोटीवर, परत येताना. अक्षर हलतंय, सॉरी.)

कुठून सुरू करू.

सकाळी उजाडताना ताऊ दिसलं. आधी ढग, मग ढगाखाली डोंगर, मग तो वास, ओल्या जंगलाचा आणि कोकोचा. बोटीवरचे सगळे उठून एका बाजूला आले आणि कप्तान ओरडला, उलटेल ना बोट. पापा पुढे टोकाला उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं तरी दोर त्यांच्याच हातात. बोट हलत असतानाच उडी मारली. जरा जडच पडले आता, एक गुडघा टेकला. पण दोर बांधला आणि वळून मला शोधलं. मी तिथेच होते, पण मी काही क्षण कुठेतरी दुसरीकडेच होते.

मतदान शाळेतच. आमच्याच वर्गात. फळा आहे अजून, बाकं नाहीत. जिथे मिसचं टेबल असायचं तिथे मतपेटी. मी माझ्या जुन्या खिडकीपाशी उभं राहून आयुष्यातलं पहिलं मत दिलं. पेन वरच्या नावावर जरा थांबलं. मग मी खालचं नाव वाचलं, आणि खूण केली.

घरी गेलो. छप्पर एका कोपऱ्यात गेलंय. नीरफणस मात्र लगडलाय, खाली पडून सडतोय, खायला कुणी नाही. पापांनी मम्मीच्या ओट्यावरचं गवत काढलं. मी रंग दिला. मीच बडबडत होते, मिस आल्या की बोट, बोट आली की शाळा, शाळा आली की सगळेच परत येतील.

"तू चल पुढे," ते म्हणाले. "बोट सुटेल. मी दोर सोडायला येतोच."

आले. दोर सोडला. पण बोटीवर नाही आले. मी म्हटलं पापा, या ना वर. ते धक्क्यावरच. मग मला किटली आठवली.

"मत तरी दिलंत का?" मी ओरडले. मला तेव्हा तेच सुचलं. मूर्ख.

"माझं मत मी तेव्हाच दिलं," ते ओरडले. "तूच तर नेऊन पोचवलंस."

बाजूच्या बायका हसल्या. काय पोचवलं मी? मला काही कळलं नाही, आणि भोंगा वाजला. भोंगा वाजला तशी वर रस्त्यावरून दोन बारकी पोरं पळत धक्क्याकडे आली. कुणी शिकवलं असेल त्यांना, अशी बोट तर त्यांनी आजच्या आधी बघितलीही नसेल.

८ नोव्हेंबर, गुरुवार

आपण जिंकलो. थोडक्या फरकाने, आणि ताऊच्या मतांवर. सगळे रस्त्यावर नाचले. मीपण नाचले. घरी आले तर पापांची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी.

१० जानेवारी, गुरुवार

मिसच्या ऑफिसात कामाला लागले. खिडकीतून बंदर दिसतं.

आज खाती वाटली. बंदर खातं मालोतासींनी स्वतःच्या मेहुण्याला दिलं. आणि मिसला समारंभ. मेजवान्या, झेंडावंदन, पाहुण्यांचे हार, तेवढंच. मालोतासी सगळ्यांसमोर म्हणाले, "कुठला वाटा कुणापुढे ठेवायचा, हे बाईंच्या माणसांना फार चांगलं कळतं." आणि माझ्याकडे बघितलं.

म्हणजे माझ्यामुळे. मी आत जाऊन मिसना म्हटलं, सॉरी. त्या म्हणाल्या, "पान कुणी दिलं होतं तुझ्या हातात?"

"पापांनी. पण ते चुकून—"

"तुझ्या वडिलांचा दोर कधी चुकून सुटलाय?" एवढं बोलून त्यांनी मला चहा आणायला पाठवलं.

मी चहा आणताना जिन्यात उभी राहिले. मग डोक्यात सगळं एकदम आलं. तेव्हाच दिलं. तूच पोचवलंस. ते पान. अरे देवा. पापा.

म्हणजे त्यांना पण मिसच हव्या होत्या. फक्त वरच्या नावाला मत द्यायचं नव्हतं. आणि बिल आलं मिसवर.

४ फेब्रुवारी, सोमवार

ताऊहून मासेमारांच्या होडीतून पापांनी नीरफणस पाठवले. छप्पर झालं म्हणे. मी पीठ, साखर आणि बॅटरी पाठवल्या. होडी परत कधी जाईल, कुणालाच माहीत नाही.

मिस बोटीचं नावही काढत नाहीत. दिवसभर कॅलेंडर घेऊन बसतात. आज कुठल्या गावाची घंटा, कुठल्या पास्टरची निवृत्ती, असल्या तारखा लिहून घेत होत्या. ते पण सगळं मनुआ बेटांचं, म्हणजे ताऊ आणि तिच्या शेजारच्या बेटांचं. मी विचारलं, "मिस, बोटीचं काय?"

"बोट माझ्या खात्यात नाही, लांगी."

मला रडूच आलं. पापा बरोबर होते. रात्रभर पंपावर कोण.

२२ मे, बुधवार

आज मीटिंगमध्ये बसले होते, पाणी द्यायला. मिस म्हणाल्या, जुलैतला आपल्या मनुआचा झेंडा-दिवस यंदा ताऊला करायचा. गव्हर्नर, सगळे खातेप्रमुख, बँड, शाळांचे नाच.

"ताऊला?" मालोतासींचे मेहुणे म्हणाले. "एवढी माणसं तिथे जाणार कशी? बोट नाहीये."

"समारंभ कुठे करायचा ते समारंभ खातं ठरवतं," मिस म्हणाल्या. "तिथे लोकांना न्यायचं कसं, ते बंदर खातं बघतं. पत्रिका गेल्यात. चर्चमधून वाचून पण झाल्या."

चर्चमधून वाचलं म्हणजे संपलं. आता रद्द कोण करतो. मालोतासींनी नुसता पेन बंद केला, उघडला.

मी पाणी सांडलं.

१६ जुलै, मंगळवार, ताऊ

बोट आली. खरी, मोठी, बंदर खात्याची. मी मिसच्या शेजारी कठड्याला टेकून उभी होते. धक्का दिसायला लागला तसा भोंगा वाजला, आणि मिस खडू नसलेला हात झटकत हळूच म्हणाल्या, "पुस्तकं मिटा."

मला पुढचं म्हणता नाही आलं.

धक्क्यावर पापा, काळे पडलेत, बारीक झालेत, तरुण दिसतात. फेकलेला दोर त्यांनी हवेतच पकडला. मालोतासींना बोट लागली होती, पिवळे पडले होते. त्यांना हात देऊन पापांनीच उतरवून घेतलं. दोघं एक क्षण हात धरून उभे.

"पुढची बोट कधी आहे हो?" मालोतासींनी मिसना विचारलं. म्हणजे परत कधी जायचं, असं.

"पुढच्या महिन्यात," मिस म्हणाल्या. "चर्चची नवी घंटा आहे. त्याच्या पुढच्या महिन्यात पास्टरांचा निरोप."

दुपारी जेवणं. डुकरं पापांनीच कापली. पहिलं पान माझ्या हातात दिलं, पाठीचा वाटा, गरम. मी थांबले.

"कुणासमोर?" मी विचारलं.

"मागचं मत माझं होतं," पापा म्हणाले. "आज तुझं."

मी निघाले. सगळं गाव चटयांवर बसलेलं. पुढे मालोतासी, त्यांच्या बाजूला मिस. मला मनापासून मिससमोर ठेवायचं होतं. पण मिसनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया किंचित मालोतासींच्या दिशेने उडवल्या. मग मोठ्या काकांचं ओरडणं आठवलं. जो खातो त्याला परत यावंच लागतं, भरल्या हाताने.

मी पान मालोतासींसमोर ठेवलं. अगदी वाकून.

त्यांनी त्या वाट्याकडे बघितलं, मग मिसकडे, मग सगळ्या गावाकडे. सगळं गाव त्यांच्या हाताकडे बघत होतं. त्यांना बोट लागलेली, तरी त्यांनी एक तुकडा तोडला आणि खाल्ला.

मी वळून पापांना शोधलं. ते भट्टीपाशी नव्हते. खाली धक्क्यावर, बोटीच्या दोराला आणखी एक वेढा घालत होते.